ब्रेकवाल्या हिराकाकू

हिराकाकू कुठलीही वस्तू हातात घेतली की आधी ती वाजवून बघायच्या. नारळ असो, कौल असो, नाहीतर चहाचा कप. मधल्या बोटाचं पेर वाकवून दोनदा टकटक करायच्या, मान तिरकी करून ऐकायच्या आणि मगच वस्तू खाली ठेवायच्या. पहिल्यांदा भेटलो तेव्हा त्यांनी माझ्या हातातलं हेल्मेट घेतलं. रोह्याच्या बाजारात मी ते हौसेने घेतलेलं. काकूंनी ते वाजवलं आणि मला परत देत म्हणाल्या, "हे डोक्यावर नको घालू रे. ह्यात शेंगदाणे भर."

वडखळ नाक्यावरून अलिबागच्या रस्त्याला लागलं की थोडं पुढे त्यांचं ब्रेकचं दुकान होतं. धरमतरच्या जेट्टीवरून माल भरून निघणारे डंपर, ट्रक, टेम्पो यांच्या ब्रेकच्या झिजलेल्या पट्ट्या, म्हणजे लायनर, काढून नवे ठोकायचे, हे त्यांचं काम. साठीच्या, ठेंगण्या, साडीवर नवऱ्याचा जुना शर्ट चढवलेल्या. नवरा म्हणजे दामूकाका. ते शेजारच्या गाळ्यात पेणचे पोहे आणि पापड विकायचे. नवखा ड्रायव्हर त्यांना विचारायचा, "मिस्त्री कुठे गेले?" दामूकाका पोह्यांची पिशवी बांधता बांधता म्हणायचे, "मिस्त्री समोरच हाय. शर्ट बघ, साडी नको बघू."

काकूंचं माहेर पेणचं, वडिलांचा गणपतीचा कारखाना. शाडूची मूर्ती वाळताना तिच्यावर बारीक जाळी उठते, ती निरुपद्रवी. पण आत गेलेली भेग वेगळी, तिने मूर्ती दुभंगते. वाजवून हा फरक ओळखायला त्या परकर नेसायच्या वयातच शिकल्या होत्या. सासरी ब्रेकचं दुकान. सासऱ्यांनी मुलाच्या हातात हातोडी दिली, मुलगा ग्रीसच्या वासाने पळाला, आणि ती हातोडी सुनेने उचलली. दामूकाका ही गोष्ट स्वतःच रंगवून सांगायचे, त्यात त्यांना जराही कमीपणा वाटायचा नाही.

कोणी स्वस्तातले लायनर मागितले की काकू भाव सांगायच्या आधी विचारायच्या, "पोरं किती तुला?" गिऱ्हाईक गोंधळून "दोन" म्हणालं की त्या चांगल्या लायनरचा डबा पुढे सरकवायच्या. "गाडी पळवायला इंजिन लागतं, घरी जायला ब्रेक लागतो," हे तर त्या दिवसातून चारदा ऐकवायच्या.

मी रोह्याचा. बी.ए. झालो, नोकरी काही मिळेना, म्हणून ड्रायव्हर झालो आणि मन लावून झालो. मुंबईच्या एका शेठचा अलिबागच्या बाजूला बंगला आहे, तिथे मी कामाला होतो. शेठकडे एक स्पोर्ट्स कार होती. तीत बसणं म्हणजे पाटावर जेवायला बसण्यासारखं, आणि उठणं त्याहून कठीण. तिचे ब्रेक कार्बन सिरॅमिकचे. शेठ पाहुण्यांना चाकाजवळ वाकायला लावून सांगायचे, "लोखंड नाही हे! जन्मभर बघायला नको."

बारा हजार किलोमीटर झाल्यावर मुंबईच्या एका वर्कशॉपने सांगितलं की चारही डिस्कवर, म्हणजे ब्रेकच्या तबकड्यांवर, बारीक चिरा पडल्यात, चारही बदला. किंमत ऐकून शेठ हादरलेच. तेवढ्या पैशांत पेणला वन बीएचके आला असता. वर्कशॉपवाल्याने वर शंका काढली, तापलेल्या डिस्कवर कोणीतरी पाणी मारलं असणार. शेठने मला विचारलं, "पाणी मारायचास?"

मी मारायचो. गाडी आली की पाइप लावून चाकं धुवायची, ही माझी सवय. मी "हो" म्हणालो.

शेठ माणूस वाईट नव्हता, पण घाबरलेला होता. म्हणाले, "सोमवारपासून येऊ नकोस. आणि ग्रुपवर सगळ्यांना कळवतो." ग्रुप म्हणजे त्या पट्ट्यातल्या तमाम बंगलेवाल्यांचा. तिथे नाव आलं की मला कोणी गाडीची किल्ली देणार नव्हतं, रोह्याला घरी बसून माशा मारायच्या. त्याहून वाईट म्हणजे चूक माझीच, असं मलाही वाटत होतं. आपण गाडी जपतो या एका गोष्टीचा मला अभिमान होता, तोच गेला.

तो शनिवार होता. रोह्याला जाता-येता मी काकूंकडे थांबायचो, आज तडक तिथेच गेलो आणि सगळं सांगितलं. त्यांनी दोनच प्रश्न विचारले.

"गाडी थांबते का?"

"थांबते."

"स्टेअरिंग थरथरतं?"

"नाही."

"मग रडतंस कशाला? उद्या गाडी आण. शेठला पन आण."

शेठ आले. माझ्यासाठी नव्हे, त्या आकड्यासाठी आले. काकू चाकाशी उकिडव्या बसल्या, बॅटरी मारून बराच वेळ आत बघत राहिल्या. "जाळी हाय," त्या म्हणाल्या, "भेग दिसत नाय. पन ही वस्तू मी कवा हातात घेतलेली नाय. ज्यानं बनवली तो काय सांगतो, ते आधी वाच."

गाडीच्या कप्प्यात कंपनीचं जाडजूड इंग्रजी पुस्तक होतं. ते उघडायची तसदी आजवर कोणी घेतली नव्हती. दामूकाकांच्या बाकावर बसून मी एकेक ओळ मराठीत सांगत गेलो. डिस्कवरची बारीक जाळी बनवतानाच येते, ती काळजीची नाही. साध्या रस्त्यावर या डिस्क वर्षानुवर्षं टिकतात, शर्यतीच्या ट्रॅकवर मात्र लवकर संपतात. त्या लोखंडासारख्या पातळ होत नाहीत. अती तापल्या की आतला कार्बन थोडा थोडा जळतो आणि वजन घटतं. म्हणून त्यांचं वजन करायचं, आणि किमान वजन किती हवं ते डिस्कवरच कोरलेलं असतं.

"म्हंजे लोखंड झिजून मरतं आन हे जळून," काकू म्हणाल्या. "मग त्या मुंबईवाल्यानं नुसतं डोळ्यांनी काय बघितलं? अहो, पोह्यांचा काटा आणा!"

चाक काढताना डिस्कच्या काठाला लागलं तर टवका उडतो, हेही पुस्तकात होतं. त्यासाठी गाडीच्या हत्यारांत एक लांब दांडा दिलेला. चाकाच्या एका बोल्टच्या जागी तो बसवून चाक त्याच्यावरून सरळ बाहेर सरकवायचं. काकूंनी ते इतक्या हळू केलं की रस्त्यापलीकडच्या डंपरचे ड्रायव्हर बघायला गोळा झाले. डिस्क निघाली तशी त्यांनी ती गोधडीवर घेतली, बोटाने वाजवली आणि ऐकून नुसती मान हलवली. मग दामूकाकांचा पोह्यांचा काटा आला.

शेठ म्हणाले, "हा काटा बरोबर आहे कशावरून?"

काकूंनी मिठाची एक किलोची सीलबंद पिशवी काट्यावर ठेवली. एक किलो आणि वर पिशवीचे चार-पाच ग्रॅम. "झालं समाधान?" मग स्वच्छ फडकं अंथरलं, काटा शून्यावर आणला आणि डिस्क ठेवली.

डिस्कवर कोरलेलं किमान वजन होतं पाच किलो साडेसहाशे. काट्यावर आकडा थांबला पाच किलो नऊशे दहावर.

दुसरी डिस्क, मग मागच्या दोन. चारही पास! डंपरवाल्यांनी शिट्ट्या वाजवल्या. दामूकाका तर स्वतःच धावून आल्यासारखे घामाघूम झाले होते. मी मात्र अजून पुस्तकच चाळत होतो, कारण माझा प्रश्न शिल्लक होता. तोही सापडला. चाकं पाण्याने धुवावीत, असं स्वच्छ लिहिलं होतं; तापल्या चाकांवर पाणी मारू नका, असं कुठेच नव्हतं. धुतल्यावर गाडी हळू चालवून, ब्रेक दाबून सुकवावेत. मी ते मोठ्याने वाचलं.

शेठने पाकीट काढलं. काकूंनी हात मागे घेतला. "मजुरी घेणार, सोडणार नाय. पन आधी ह्याला सांगा, ह्याची चूक नव्हती."

शेठने इकडेतिकडे बघितलं. सात-आठ ड्रायव्हर तोंडाकडे बघत उभे. "संदेश," ते म्हणाले, "माझं चुकलं. चूक तुझी नव्हती." काकूंनी मजुरी मोजून शर्टाच्या खिशात टाकली.

सोमवारी ग्रुपवर खबर गेली, पण वेगळी. पोह्यांच्या काट्यावर ठेवलेल्या डिस्कचा फोटो आणि खाली काकूंचा नंबर. पुढे काही वर्षं डंपरांच्या रांगेत एखादी बुटकी, चकचकीत गाडी आपला नंबर लागायची वाट बघत उभी दिसायची. प्रत्येक शेठला काकू विचारायच्या, "पुस्तक वाचलंस का?" आणि शेठ शाळेतल्या मुलासारखा खाली बघायचा. काकू गेल्या वर्षी गेल्या. त्यांचा शर्ट दामूकाकांनी अजून खुंटीवरून काढलेला नाही.

त्या रविवारी चाकं परत बसवल्यावर शेठ म्हणाले, "संदेश, काकूंना एक चक्कर मारून आण." चाळीस वर्षं काकूंनी हजारो गाड्यांचे ब्रेक केले, पण गिऱ्हाईक गाडी घेऊन जायचं, तो ब्रेक लागतो कसा, हे आत बसून त्यांनी कधी अनुभवलं नव्हतं. पदर खोचून, "आई गं" म्हणत त्या कशाबशा आत शिरल्या. जेट्टीकडचा रस्ता रिकामा होता. मी आरशात बघितलं, मागे कोणी नव्हतं.

"पळव," काकू म्हणाल्या. मी पळवली. "दाब!"

मी दाबला. गाडी जागच्या जागी थांबली. काकूंच्या अंबाड्याची पिन सुटून समोर जाऊन पडली. मी घाबरून विचारलं, "काकू, लागलं का?"

त्यांनी नाही म्हणून मान हलवली. डोळे भरले होते आणि त्या हसत होत्या. "गाडी चांगली हाय," त्या म्हणाल्या. "पन पाय बी चांगला हाय रे तुझा. चांगला ड्रायव्हर हायस तू."

शेठने माफी मागितली तेव्हा मी कोरडाच होतो. आता मात्र स्टेअरिंगवर डोकं टेकून ढसाढसा रडलो. काकूंनी मला पुरतं रडू दिलं. मग केस वर बांधत म्हणाल्या, "झालं? आता परत पळव."