पंख्याच्या जागी कॅमेरा

मुलगी कॅनडाला गेली तेव्हा आमच्या हुडकेश्वरच्या घरात वरच्या खोलीत बिलियर्ड्ससारख्या पूल खेळाचं एक टेबल मागे राहिलं. ती नववीत असताना शहरातलं एक पूल पार्लर बंद झालं, तिथून मी ते घेतलं होतं. पुढची आठ-नऊ वर्षं आम्ही दोघं जवळपास रोज संध्याकाळी खेळलो. ती वाकली की तिच्या वेणीचं टोक हिरव्या कापडावर टेकायचं आणि काठीच्या टोकाला लावायच्या खडूची निळी भुकटी लागून वर यायचं. त्यावरून तिची आई रोज ओरडायची. ती गेल्यावर मी एकट्याने खेळून पाहिलं, पण समोर कुणी नसलं की नेम कशाला धरायचा तेच कळेना. टेबलावर चादर आली, चादरीवर इस्त्रीचे कपडे आले.

मागच्या होळीच्या सुमारास तिचा फोन आला.

“बाबा, टेबल आहे ना अजून?”

“आहे ना. तुझ्या आईचं कपड्यांचं दुकान आहे त्याच्यावर.”

“वरून कॅमेरा लावा ना गा बाबा. माझे शॉट मी इथून सांगते, तुम्ही मारा. तुमचे तुम्ही मारा.”

मी पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेला माणूस. उभं आयुष्य कालव्यांचे उतार मोजण्यात गेलं. मला काम मिळाल्यासारखं झालं. जुना मोबाइल छताला बांधून तिला दाखवला, तर ती म्हणाली, “काहीच समजत नाही. एकेका बॉलच्या तीन-तीन सावल्या आहेत. आणि हे मधातून काय फिरून राहिलं?”

तो पंखा होता. टेबलाच्या अगदी मध्यावर. कॅमेरा तिथेच हवा होता, कारण जरा बाजूला सरकवला की टेबल तिरपं दिसे आणि तिचे कोन चुकत. मी शिडी लावून पंखा उतरवला. बायको दारात येऊन उभी राहिली.

“एप्रिलमध्ये पंखा काढून राहिले? नागपुरात? काहून?”

“पोरीला टेबल दिसत नाही.”

दुसऱ्या दिवशी खालच्या खोलीतला कूलर तिने वर आणायला लावला.

छतावरून ओळंबा सोडून मी टेबलाचा मध्य काढला. कॅमेऱ्याच्या चारही बाजूंनी अॅल्युमिनियमच्या पट्ट्या टांगल्या, त्यात एलईडीच्या माळा बसवल्या. उघड्या दिव्यांचे ठिपके बॉलवर चमकत होते, म्हणून खाली दुधी प्लास्टिकचा पत्रा लावला. मग पट्ट्या वर घे, खाली घे, असं चार दिवस चाललं. पाचव्या दिवशी दिवे लावले आणि कापडावर एकही सावली उरली नाही. मी फोन लावला.

“कोपऱ्यातली ती चीर,” ती म्हणाली, “ती मीच पाडली होती ना?”

“तूच. बारावीत.”

तेव्हापासून दर रविवारी सकाळी आम्ही खेळू लागलो. तिच्याकडे शनिवारची रात्र असायची, जेवणं झालेली असायची. फोनच्या लहानशा चौकोनात ती मला अर्धीच दिसायची, टेबल मात्र तिला सगळं दिसायचं. “अजून डावीकडे. तितकं नाही. हं, आता खालून, हळू.” मी तिच्या क्यू-काठीने तिचा शॉट मारायचो. बॉल पॉकेटात गेला की ती तिकडे ओरडायची, आणि मी वळून बघायचो. खोलीत कुणी नसायचं. इतकी वर्षं तिच्यावाचून काढली, पण ती नाही हे मला त्या रविवारांनी खरं शिकवलं.

जूनमधल्या एका रविवारी मी तिच्या सांगण्याची वाट बघत टेबलाच्या कडेला उभा होतो. ती एकदम म्हणाली, “बाबा, तुमचा उजवा हात हलून राहिला.”

“कॅमेरा हलत असेल.”

“कॅमेरा नाही हलत. बॉल तर नाही हलून राहिले.”

मला दिवाळीपासून ठाऊक होतं. चहा मी गच्चीवर नेऊन प्यायचो, दोन्ही हातांनी कप धरून. सही करायची वेळ टाळायचो. मुलगी हे बोलत असतानाच बायको पोह्यांच्या बशा घेऊन वर आली होती. तिने बशा खिडकीत ठेवल्या, माझा हात धरून उजेडात कापडावर ठेवला आणि वाकून बघत राहिली. मी जे मन लावून उभं केलं होतं, त्यानेच मला उघडं पाडलं.

धंतोलीतल्या डॉक्टरांनी मला चालायला लावलं, बोटं आपटायला लावली, नाव लिहायला लावलं. कंपवाताची सुरुवात आहे म्हणाले, गोळ्या दिल्या. बायकोच्या हातातल्या फोनवरून मुलगी सगळं ऐकत होती.

“मी येते,” ती म्हणाली.

“ये,” एवढंच मला म्हणायचं होतं. मी म्हणालो, “अगं, सुट्टी कशाला वाया घालवते? बरा आहे मी.” आणि खरंच तिला सुट्टी मिळाली नाही. दिवाळीही तशीच गेली.

गोळ्यांनी फरक पडला. खेळ चालू आहे. आता खेळण्याआधी ती सांगते, “हात ठेवा.” मी उजवा हात कापडावर ठेवतो, आणि ती तिकडून मिनिटभर नुसती पाहते. हे मिनिट खेळापेक्षा मोठं होऊन बसलंय. तिला माझा हात इतका जवळून दिसतो, आणि मला वाटत राहतं, हिने एकदा यावं आणि तो धरावा. ते मी अजून बोललेलो नाही.

गेल्या रविवारी मिनिट कधीच उलटून गेलं होतं.

“झालं का गं?” मी विचारलं.

“थांबा ना बाबा,” ती म्हणाली.

मी हात तसाच राहू दिला.