पेंटरची बटणं

आमच्या ह्यांना परभणीत अजूनही सगळे पेंटरच म्हणतात. वेबसाइटी बनवायला लागून इतकी वर्षं झाली, तरी पेंटरच. आधी ते दुकानांच्या पाट्या रंगवायचे. मग फ्लेक्स आलं आणि पाट्यावाल्याला कुत्रं विचारीना. दुसरा कुणी असता तर पानटपरी टाकून बसला असता. ह्यांनी ब्रश धुऊन डब्यात ठेवले, कॉम्प्युटरच्या क्लासला पोरांच्या मांडीला मांडी लावून बसले आणि पुढं स्वतःची सिस्टीमच लिहिली. गिऱ्हाइकाला आपल्या वेबसाइटवरचा मजकूर, फोटो, भाव स्वतः बदलता यावेत, दरवेळी आम्हाला फोन करावा लागू नये, यासाठी मागं जी यंत्रणा लागते ती. अशा तयार यंत्रणा ढिगानं मिळतात, फुकटही मिळतात. पण तेव्हा त्या इंग्रजीत होत्या आणि आमच्या गिऱ्हाइकांच्या जुन्या कॉम्प्युटरवर मराठी अक्षरं फुटायची. वेलांटी एकीकडं, अक्षर दुसरीकडं, नाहीतर नुसते चौकोन.

ह्यांनी त्यावर पेंटरचाच इलाज केला. एकेक बटण कागदावर हातानं रंगवलं, स्कॅन केलं आणि चित्र म्हणून बसवलं. 'लिहा', 'फोटो लावा', 'दाखवा'. 'पुसून टाका' तेवढं लाल, म्हणजे कुणी चुकून दाबायला नको. चित्र काही फुटत नाही. जो बघायचा तो आधी बटणांचंच कौतुक करायचा आणि हे लाजून चहा सांगायचे.

आमच्याकडं वेबसाइट गुपचूप चालू होत नाही. मुहूर्त काढतात, नारळ फोडतात, कॉम्प्युटरला हळदकुंकू वाहतात. मी ओरडायचे, "अहो, कीबोर्डात कुंकू चाललंय!" पण ऐकतंय कोण? मग घरातल्या सगळ्यात वडीलधाऱ्या माणसानं 'दाखवा' दाबायचं, की वेबसाइट जगाला दिसायला लागायची. त्या माणसानं जन्मात माउस धरलेला नसायचा. हे त्यांच्या हातावर आपला हात ठेवायचे, बाण बटणापर्यंत न्यायचे आणि म्हणायचे, "आता दाबा तुमी." पालमला शेवया-कुरडया करणारी एक मावशी आहे, तिचंही असंच झालं. ती बटण दाबून स्क्रीनच्या पाया पडली होती. नंतर तिनं मदतीसाठी कधी फोन केला नाही, सगळं स्वतः बदलायची.

ह्यांची शुगर डोळ्यात उतरली ते मला उशिरा कळलं, कारण ह्यांनी लपवलं. "लाइट कमी झालीय," म्हणायचे. मी बल्ब बदलला. मग मान तिरकी करून बघायला लागले, अक्षरं मोठी करायला लागले. एक दिवस चहाच्या कपाऐवजी पेनाच्या डब्याला हात घातला आणि माझं डोकंच फिरलं. मी त्यांना वाट्टेल ते बोलले. नांदेडच्या डॉक्टरांनी लेझर केलं, पण जेवढी नजर गेली ती परत येणार नाही म्हणाले. पुढं राहिलेलीही गेली.

"काम सुटलं की मी संपलो बघ," हे एवढंच बोलले. ओसरीवर खुर्ची टाकून येणाऱ्या-जाणाऱ्याची चाहूल घेत बसणारा माणूस मला घरात नको होता. त्यांनाही नको होता.

नांदेडच्या त्या डॉक्टरांच्याच दवाखान्यात एका बाईनं आम्हाला बोलणारा कॉम्प्युटर दाखवला. कीबोर्डवर एकेक पाऊल पुढं जायचं, जिथं पोचाल तिथं काय आहे ते मशीन वाचून सांगतं. ह्यांनी ते असं पटकन धरलं की बाई बघत राहिल्या. घरी येऊन बातम्या ऐकल्या, मेल ऐकले. मी गल्लीत पेढे वाटले. आंधळा झाला नवरा आणि ही बाई पेढे वाटायलीय, असं कुणी म्हणालं असेल तर म्हणू दे.

तेवढ्यात पूर्णेहून एका क्लासवाल्या सरांचं काम आलं. कुठल्या सिस्टीमवर करायचं? हे म्हणाले, "कुठल्या काय? आपल्याच. उघड."

मी उघडली. ह्यांनी कळ दाबली.

"चित्र," मशीन म्हणालं. पुढची कळ. "चित्र." पुढची. "चित्र."

"आवाज वाढव गं."

वाढवला. चित्र, चित्र, चित्र. माझ्या डोक्यात प्रकाश पडायच्या आधी त्यांच्या पडला होता. इतकी देखणी अक्षरं, पण मशीनला ती अक्षरं नव्हतीच. हात मांडीवर घेऊन ते हळूच म्हणाले, "आपलं तर मुकं हाय की गं."

ह्यांच्या शेजारी बसून एवढ्या वर्षांत मीही काम शिकले होते; दुसऱ्या दिवशी मी तयार मिळणारी एक सिस्टीम लावून दिली. ती आता मराठीतही येते. ती सगळं बोलली. 'नवीन पान, बटण.' 'प्रसिद्ध करा, बटण.' दुपारपर्यंत ह्यांनी सरांच्या क्लासचं पहिलं पान एकट्यानं करून दाखवलं. मला आनंद झाला, आणि त्या सिस्टीमचा असा राग आला की काय सांगू!

मी भांडले. म्हटलं, "चित्रामागं मशीनला वाचता येतील असे शब्द लावता येतात. मी बसून एकेक लावते, झालं की."

"बटणामागं लावशील. आतला प्रोग्राम कोण बघंल? उद्या एखादं बिघडलं तर? ते सगळं मी नजरेनं केलंय, नजरेनंच नीट हुतंय." मग म्हणाले, "लोकांच्या दुकानदाऱ्या हायत त्याच्यावर. माझ्या अक्षरापायी त्यान्ला अडकून ठिवायचं का? आन् हे माझ्याशी बोलतंय. ते न्हाई बोलत."

मी गिऱ्हाइकांची यादी काढली.

एकेक गिऱ्हाईक आम्ही नव्या सिस्टीमवर नेलं. ते ऐकून करायचे, मी बघून घ्यायचे. पालमच्या मावशीचा लगेच फोन आला. "अगं बाई, हे काय करून ठिवलं? दवाखान्याच्या पावतीवानी अक्षरं! पेंटरला सांग, पहिलीच बटणं दे म्हणावं. लय गोड व्हती." ह्यांनी माझ्या हातातून फोन घेतला. "मावशी, हुईल सवय," म्हणाले. त्या दिवशी जेवताना त्यांनी भाजीला मीठ नाही हेसुद्धा सांगितलं नाही.

शेवटी जुनी सिस्टीम तेवढी काढायची राहिली. मी काढते म्हटलं तर म्हणाले, "न्हाई, मीच काढतो." बसले. कळ दाबली. चित्र. चित्र. कुठलं चित्र काय, कसं कळावं? "सगळं पुसायचं बटण खाली, उजवीकडं ठिवलं व्हतं मी," म्हणाले आणि कीबोर्ड सोडून माउस धरला. बाण स्क्रीनभर भरकटत होता. ज्या माणसानं अख्ख्या बाजारपेठेच्या पाट्या रंगवल्या, त्याला स्वतःचं एक बटण सापडत नव्हतं. मला बघवेना.

मी त्यांच्या हातावर माझा हात ठेवला आणि बाण तिथवर नेला.

"आलं का?"

"आलं."

"लालच हाय न्हं अजून?"

"लाल हाय."

"वाच की."

"पुसून टाका," मी वाचलं.

"अक्षर कसं दिसतंय?"

"लय देखणं," मी म्हटलं. "आता दाबा तुमी."

त्यांनी दाबलं. स्क्रीन पांढरी झाली, आणि मशीन वाचायला लागलं, "पान सापडलं नाही."

"बोललं बघ आता," ते म्हणाले, आणि माझा हात तसाच धरून रडायला लागले.