गोदाच्या दमणीला लागलेले खांदे

अन्याय झाला तो माझ्या धाकट्या बहिणीवर, गोदावर. कधी झाला तेही सांगतो. महाशिवरात्रीच्या दुसऱ्या दिवशी, माघातल्या अवसेला, सूर्य कासराभर वर आला असताना, कुरूमच्या अलीकडे भर रस्त्यात. तिला कळा सुरू झाल्या होत्या आणि तिच्या गाडीचे बैल सोडून नेले. कशासाठी? कापसासाठी.

मी देवाचं नाव घेणाऱ्यातला माणूस नव्हतो. शिळाछापावर पत्रकं काढायची, बाजाराच्या दिवशी ओट्यावर उभं राहून वाचायची आणि दलालांच्या शिव्या खायच्या, हा माझा उद्योग. देवाने कुणाचं काही केल्याचं मला दिसलं नव्हतं. दलालाने केलेलं रोज दिसत होतं. अमेरिकेत लढाई पेटली आणि इकडे वऱ्हाडात कापसाला सोन्याचा भाव आला. ज्वारीची वावरं कापसाखाली गेली. आगगाडी अजून आमच्यापर्यंत पोचायची होती, त्यामुळे होती नव्हती ती प्रत्येक गाडी कापसाने अडवलेली. पहिलटकरणीला माहेरी न्यायला बैलगाडी मिळेना, असे ते भरभराटीचे दिवस! गोदाला अकोल्याहून अमरावतीला पौषात आणायचं ठरलं होतं. महादू गाडीवानाची पडदा लावलेली हलकी दमणी मिळेपर्यंत तिला नववा लागला.

गोदाने एकच अट घातली. मोठ्या रस्त्याने कापसाच्या गाड्यांची धूळ खात जायचं नाही. जुन्या वाटेने, गावागावांतून जायचं आणि प्रत्येक गावच्या देवाला भेटायचं. मी कुरकुरलो, पण मान्य केलं. आज वाटतं, तसा प्रवास पुन्हा घडणार नाही. काळ्या मातीतली मऊ चाकोरी, दोन्ही बाजूंना हरभरा, आणि लांबून आधी दिसायची ती गावची गढी. मातीचे उंच बुरूज, त्यांच्या भोकांतून उडणारी कबुतरं, पडकी वेस, वेशीत शेंदराने माखलेला मारुती. एका गावी पायऱ्या-पायऱ्यांची बारव लागली. तिचं पाणी इतकं निवांत होतं की गोदा वाकून स्वतःलाच पाहत बसली. कुठे कुणी हरभऱ्याचा टहाळ हातात दिला, कुठे ताकाचा गडवा. मी देवळाच्या बाहेर उभा राहायचो.

"भाऊ, हात तरी जोड."

"हातात पत्रकं आहेत."

"मग ठेव त्याच्यापाशी. तोही वाचेल बिचारा. दुसरं कोण वाचतं?"

महादू खो खो हसला. शिवरात्र आम्ही पूर्णेकाठच्या एका जुन्या महादेवाच्या देवळापाशी काढली. दुसऱ्या दिवशी अवस. अवसेला आमच्याकडे बैल जुंपत नाहीत. तो त्यांच्या विसाव्याचा दिवस. तेव्हा तिथेच राहायचं ठरलं होतं. पण पहाट फुटता फुटता गोदाने माझं मनगट धरलं आणि सोडेना. जवळची सुईण कुरूमला आहे असं पुजाऱ्याने सांगितलं. महादूने बैलांच्या पाया पडून त्यांना जुंपलं. "माफ करजा बाप्पा," तो त्यांच्या कानात म्हणाला, "लेकरू यायचं हाय."

मोठ्या रस्त्याला लागलो तर कापसाच्या गाड्यांची लांबच लांब ओळ रस्त्याच्या कडेला सुटलेली. बैल आमराईत मोकळे, गाडीवान विहिरीपाशी भाकरी सोडून बसलेले. त्यांचा मुकादम एकटाच रस्त्यात येरझाऱ्या घालत होता. एक तरी गाडी त्या दिवशी अमरावतीला पोचवीन, असा शब्द त्याने मालकाला दिला होता, आणि एकही गाडीवान बैल जुंपायला तयार नव्हता. त्याने आमचे जुंपलेले बैल पाहिले.

"थांब रे! तुयी अवस तं मोडलीच ना? मंग माया गाडीले मोडाले काय जाते?"

आत बाईला कळा येताहेत म्हणून मी सांगितलं. बायका रोजच बाळंत होतात, तो म्हणाला. त्याच्या दोन लठ्ठ माणसांनी जोतं सोडलं, बैल हाकलत नेले, पुढच्या गाडीला जुंपले आणि मुकादमासकट चालते झाले. महादू आपल्या बैलांमागे रडत धावला. हे सारं इतक्या झटक्यात झालं की मला ओरडायचंही सुचलं नाही. बैल सुटताच दमणीचं तोंड खाली जाऊ लागलं आणि आतून गोदा किंचाळली. मी जू छातीशी धरून उचललं. ते सोडलं असतं तर ती घसरून पडली असती. म्हणून तिथेच, बैलाच्या जागी, उभा राहिलो.

आणि मग तोंड सुटलं. गाडीवान उठून भोवती जमले होते. मी त्यांना म्हणालो, इथे एक जीव चालला आहे आणि तुम्ही सोवळे बैल राखत बसलात! जुंपा एक जोडी! कोणी हललं नाही. मी आणखी चढलो. अन्याय, माणुसकी, सगळं काढलं.

पडद्यातून आवाज आला, "भाऊ, भाषण मागाहून दे. गाडी सरळ धर."

त्यांच्यातला एक पांढऱ्या मिशांचा म्हातारा, नारबा म्हणत त्याला, पुढे झाला. "काहून वरडून राहिला बे? बाईले भेव वाटते ना." त्याने डोक्याचं मुंडासं सोडलं, घडी करून खांद्यावर टाकलं आणि माझ्या शेजारी जुवाखाली शिरला. "बैल नाई जुंपत आमी आज. सुट्टी बैलाले हाय. आमाले कोनं देल्ली?"

कोणी दुसऱ्या बाजूने जुवाखाली आलं, कोणी चाकांच्या आऱ्यांना भिडलं. एकाने मुकादमाच्या गाडीवरचं बोंद्रं, कापसाचं मोठं पोतं, फाडलं आणि ओंजळी ओंजळीने कापूस काढून गोदाच्या अंगाखाली, पाठीशी, कुशीला भरला, धक्के बसू नयेत म्हणून. "मुकादम काय म्हणंल रे?" कोणी विचारलं. "म्हनंल, कापूस कमी भरला. उंदरानं खाल्ला म्हना." हसत हसत त्यांनी गाडी उचलली.

एरवी त्या रस्त्यावर गाडीला गाडी भिडलेली असते, नाल्याच्या उतारावर तासन् तास वाट मिळत नाही. त्या दिवशी सगळा रस्ता रिकामा पडला होता. नाल्याच्या वाळूत चाक रुतलं. जुवाखाली माणसाला मागे वळून पाहता येत नाही, हे मला तिथे कळलं. मागे गोदा गप्प झाली होती. ती आहे की गेली, मला दिसत नव्हतं. मान वळवली तर जू कलतं. नुसतं ओढायचं, आणि मागचं ज्याचं त्याच्यावर सोडायचं. माझ्या तोंडून "महादेवा" निघालं. मी ठरवून म्हणालो नाही. म्हणालो एवढं खरं. आणि चाक सुटलं.

कोणी म्हणेल, इतक्या माणसांनी रेटल्यावर चाक सुटणारच. म्हणो. मी दुसऱ्यांकडे पुरावे मागत हिंडणारा माणूस, पण इथे माझ्याजवळ पुरावा नाही. घडलं ते सांगतो.

कुरूमच्या वेशीतून आत शिरलो तर सुईण आपल्या दारातच गहू निवडत बसलेली. सरकी काढायच्या रेच्यावर ती रोज दिवस उगवायला जायची, दिवेलागणीला यायची. "अवस म्हनून रेचे बंद," गोदाला आत घेता घेता ती म्हणाली, "काल आले असते तं मी कोठची सापडाले?" दुपार कलली तेव्हा मुलगी झाली. बाळ आडवं होतं, सुईण म्हणाली, आणखी घटकाभर उशीर झाला असता तर दोघींपैकी एकही हाती लागली नसती. मी अंगणात बसलो होतो. खांद्याची साल निघाली होती, आणि नारबा तिच्यावर हळद-तूप चोळत होता. खांद घासल्यावर बैलाच्या खांद्याला चोळतात तसं, हलक्या हाताने. मी त्याच्या पायांवर डोकं ठेवलं. तो म्हणाला, "उठ बाप्पा, आमी भाकर अर्धी सोडून आलो."

महादू दुसऱ्या दिवशी तिन्हीसांजेला, अमरावतीत सोडून दिलेले बैल घेऊन परतला. बैलांच्या तोंडाला फेस होता. नारबाला आणि त्याच्या सोबत्यांना मुकादमाने त्याच दिवशी कामावरून काढलं. देवाचे उपकार मी मानतो, दोन्ही हात जोडून मानतो. मी काहीही हाती ठेवू शकत नव्हतो, तेव्हा कोणीतरी सगळं हाती घेतलं. पण ज्यांचे खांदे त्याने वापरले, त्यांना उपाशी ठेवून माझी कृतज्ञता पुरी होत नाही.

आता पेठेतले व्यापारी म्हणू लागले आहेत की अवस पाळणं म्हणजे आळस, भाव आहे तोवर सगळे दिवस सारखे. हे पत्रक वाचणाऱ्या, तुझ्या घरी गाडी असेल, रेचा असेल, कापसाची अडत असेल. येत्या अवसेला बैल गोठ्यात राहू दे, रेचा बंद ठेव. गाडीवानाची त्या दिवसाची मजुरी त्याच्या हातावर ठेव. आणि तू घरात बसू नकोस. रस्त्यावर ये, कुणाची गाडी अडली आहे ते बघ, आणि जुवाखाली शीर.