पानेकाकांचं कुलूप

पोरगी ऑफिसनेच धाडलीय, याबद्दल पानेकाकांच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. नाहीतर लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या म्हाताऱ्याची मुलाखत घ्यायला कोण कशाला तडफडेल? हातात सदानकदा पाना, म्हणून सगळ्या कंपनीत ते पानेकाका, पण "चहा घेता का?" यापलीकडे त्यांना आजवर कुणी काही विचारलं नव्हतं. आणि ही म्हणे, "आमचे सर सांगतात, ज्या कामात शिरायचंय त्यातल्या जुन्या माणसाला आधी भेटा, सगळं विचारून घ्या." वा रे वा! सर म्हणे!

"अहो, शिकाऊ पोर आहे, सांगा की चार गोष्टी," बायकोने सकाळी समजावलं होतं.

"तुला नाही कळायचं. साहेबाला कुणकुण लागलीय."

कसली, हे बायकोला सांगायची गरज नव्हती. पानेकाकांचा डावा कान पार गेला होता, उजवाही अधूच होता आणि ते या दोघांखेरीज कुणालाच ठाऊक नव्हतं. कळलं असतं, तर निवृत्ती तोंडावर असताना कंपनीने त्यांना सरळ नारळ दिला असता.

म्हणून गच्चीवरच्या मशीनरूममध्ये त्यांनी तिला बरोबर उजव्या हाताला स्टूल दिलं. तिने फोन हत्यारांच्या पेटीवर ठेवला. "रेकॉर्ड केलं तर चालेल ना, काका?"

"चालेल की," ते म्हणाले. घ्या, पुरावाही गोळा करतेय बया!

"या कामात डोळे महत्त्वाचे की कान?"

काका चपापले. "हात," ते म्हणाले.

"आणि कमरेला हे कुलूप कशाला?"

"सायकलचं आहे."

सायकल त्यांच्या सात पिढ्यांत नव्हती. झालं होतं असं, की एकदा ते लिफ्टखालच्या खड्ड्यात असताना वरून साथीदार ओरडला, "चालू करतोय!" आणि ते यांना ऐकूच गेलं नाही. लिफ्ट खाली आली. ग्रीसच्या चिखलात पालथे पडले, म्हणून वाचले. तेव्हापासून उतरण्याआधी ते मेन स्विच बंद करून त्याला स्वतःचं कुलूप घालत आणि किल्ली खिशात ठेवत. बाकी सगळ्यांचा कारभार हाकांवर. "काका, स्विच कोण चोरणार?" म्हणून पोरं दात काढायची. कुलपाचं खरं कारण सांगितलं असतं, तर कानाचंही निघालं असतं.

"धोका कितपत असतो?" तिने विचारलं.

"छे! खड्ड्यात उतरायचं, वरच्याला हाक मारायची, तो 'हो' म्हणाला की लागायचं कामाला. हातचा मळ आहे."

पोरीचा चेहरा उजळला. "बरं झालं बाई! आई म्हणते, जीव नकोसा झालाय का तुला? आज तिला तुमचा आवाजच ऐकवते. उद्या रुजू होतेय. पहिलंच काम खड्डा साफ करायचं आहे." आभार मानून ती जिना उतरायला लागली.

नाटक असेल. असेलच! काकांनी तेलाचा डबा उचलला, परत ठेवला. आणि नसलं तर? ग्रीसचा तो वास, अंगावर उतरत येणारं ते लोखंड त्यांना आठवलं.

"मरो ती नोकरी!" म्हणत ते धावले. धापा टाकत त्यांनी तिला जिन्यात गाठलं.

"ते रेकॉर्डिंग कर परत चालू. माझा डावा कान बंद आहे. हाक ऐकू आली नाही म्हणून मी मरता मरता वाचलोय. मघाशी खोटं बोललो. कुणाच्याही 'हो'वर खाली उतरायचं नाही, सख्खा बाप वर उभा असला तरी! आपलं कुलूप, आपली किल्ली. ऐकव आईला." कमरेचं कुलूप सोडून त्यांनी किल्लीसकट तिच्या हातात कोंबलं. "मी दुसरं घेईन. नोकरी राहिली तर."

ती कुलपाकडे बघतच राहिली. मग दोघं शेजारीशेजारी उतरू लागले. खालच्या दारापर्यंत आले तरी काकांच्या मनातला संशय काही हलेना.

"खरं सांग पोरी, ऑफिसनेच धाडलंय ना तुला?"

ती काहीतरी बोलली. काकांना नुसते ओठ हलताना दिसले. उतरताना ती त्यांच्या डाव्या हाताला आली होती. त्यांनी परत विचारलं नाही.