वर्कशॉपचा विडा

"अन् पुढं?"

एवढंच विचारायची ती. आवाज चढवायची नाही, की तोंड वाकडं करायची नाही. आपण आपलं सांगणं संपवून निवांत व्हावं आणि तिने डोक्यावरची ओढणी कानामागे सारून विचारावं, अन् पुढं? आपण जे संपलं म्हणून समजत होतो ते संपलेलं नाही, हे तेव्हा कळायचं.

तिचं नाव इथे देत नाही. "मला आधी इचारायचं होतं की, मामा," असं ती नक्की म्हणेल, आणि तिच्याशी वाद घालून जिंकलेला माणूस माझ्या पाहण्यात नाही.

बिदरला नौबादमध्ये ट्रॅक्टरचं दुकान आणि त्यामागे वर्कशॉप आहे, तिथे मी हेड मेकॅनिक आहे. आमच्या भागात ट्रॅक्टर बिघडला की लोक आधी मला फोन करतात आणि मग घरच्यांना सांगतात. ही फुशारकी वाटली तर वाटू द्या, खरी आहे. मिसरूड फुटायच्या आधी या दुकानात शिरलो, आणि दुसरीकडे काम शोधावं असं कधी मनातही आलं नाही. आमच्या पिढीचं असंच होतं. मालक चांगला मिळाला की काम चांगलंच. मालक ठेवील तिथे राहायचं, देईल ते करायचं आणि त्यात तरबेज व्हायचं. यात मला काही कमीपणा वाटत नाही.

अलीकडे येणाऱ्या पोरांची तऱ्हा निराळी. चार महिने राहतात, पाना धरायला शिकतात आणि एक दिवस येतच नाहीत. फोनही लागत नाही. तुम्हीही कुठे नोकरीला असाल तर अशी पोरं पाहिली असतील, आणि "आजकालची पोरं" असं म्हणून मान हलवली असेल. मीही हलवायचो. ही आली आणि माझी ती सवय मोडली, कारण हिला कोणत्या खात्यात टाकावं तेच कळेना.

दिवाळीनंतर ती कामाला आली. मुडबीची. आयटीआय केलेली, आणि तेही ट्रॅक्टर मेकॅनिकचं. आमचे मालक, त्यांना सगळे आप्पा म्हणतात, भले गृहस्थ. त्यांनी तिचे कागद पाहिले, कौतुक केलं आणि तिला काउंटरवर बसवलं. मुलगी आहे, फोन घेईल, गिऱ्हाइकाशी नीट बोलेल, असा त्यांचा साधा हिशेब. आप्पांसमोर आम्ही सगळे उभं राहूनच बोलतो. हिने पहिल्याच दिवशी खुर्ची ओढली, बसली आणि विचारलं, "आप्पा, काउंटरचं काम कळालं. वर्कशॉपात कवा?"

"बघू की गं. आधी हितलं तर शीक."

"शिकते. अन् पुढं?"

आप्पांनी माझ्याकडे पाहिलं. मी छताच्या पंख्याकडे पाहिलं.

काउंटरचं काम तिने चोख केलं, त्यात बोट ठेवायला जागा नव्हती. पण जेवायची वेळ झाली की डबा उघडायची, समोर कुणी का उभा असेना. "जेवून घेते काका, तुम्ही बी बसा, पाणी घ्या," असं हसून सांगायची. मी आजवर एका हातात भाकरी आणि दुसऱ्या हातात पाना धरून जेवत आलो. एकदा भाकरीला ग्रीस लागलं आणि मी तशीच खाल्ली, हे तिने पाहिलं.

"मामा, ग्रीस गिअरबॉक्साला घालत्यात. बसून खावा की."

मी बसलो. दुसऱ्या दिवशी वर्कशॉपातली पोरंही बसली. आता आमच्याकडे सगळे एकत्र जेवायला बसतात, आणि त्या वेळात एकही ट्रॅक्टर मेलेला नाही.

जेवण झालं की काउंटरची वेळ होईपर्यंत ती वर्कशॉपच्या दारात येऊन उभी राहायची. आत यायची नाही. "माझं काम भाईर हाय," म्हणायची. मी क्लच उघडला की तिथूनच मान वाकडी करकरून बघायची. मला ते बघवत नसे. पण मालकाच्या शब्दापुढे बोलायची मला सवय नव्हती, आणि गरजही कधी पडली नव्हती.

येळवसला तिने आम्हाला मुडबीला जेवायला बोलावलं. येळवस म्हणजे वेळ अमावास्या, आमच्याकडे त्या दिवशी गावात कुणी सापडायचं नाही. सगळे रानात, कडब्याच्या खोपीसमोर भज्जी, उंडे आणि आंबील. तिचा आजा मेंढरं राखायचा, बाप आता एका मोठ्या शेतकऱ्याकडे सालगडी आहे. त्या शेतकऱ्याच्या रानातच एका कडेला आमची पंगत बसली होती. बापाने पहिला घास मोडला आणि पलीकडून हाक आली. जनावर सुटलं होतं. तो उठला. परत येऊन बसला, तर पाहुण्यांना पाणी द्यायची हाक आली. पुन्हा उठला. मग कुणाची तरी मोटारसायकल ढकलायला गेला. ज्याचं साल धरलं आहे त्याचं पडेल ते काम करायचं, हे ठरलेलंच. त्याच्या चेहऱ्यावर तक्रार नव्हती. त्याची आंबील तेवढी तशीच राहिली.

ती माझ्याजवळ बसली होती. हळूच म्हणाली, "मामा, दरसाल पाडव्याला बाप इडा घेतो. पण माझं काम कंचं, अन् कुठवर, हे एकदा बी इचारलं न्हाई त्यानं."

विचारलं तर मीही नव्हतं.

पाडव्याच्या विड्याचं सांगायला हवं. सालगड्याचं साल गुढीपाडव्याला ठरतं. मालक पान-सुपारीचा विडा आणि नारळ हातात देतो, आणि तो घेतला की वर्षभराचा शब्द दिला. आप्पांचं घराणं मूळ शेतीवालं, म्हणून दुकान टाकलं तरी ही रीत त्यांनी सोडली नाही. पाडव्याला पूजा होते, आम्ही सगळे ओळीने उभे राहतो, विडा घेतो, आप्पांच्या पाया पडतो. काय काम, कोणती जागा, याची वाच्यता होत नाही. ज्याला नको असेल तो त्या दिवशी येत नाही, एवढंच.

त्या पाडव्याला आप्पांपुढे पेच पडला. दुकानात पहिल्यांदाच बाईमाणूस. तिला विडा कसा द्यायचा? त्यांनी घरी विचारलं असणार. आम्हाला विडे वाटून झाले आणि आप्पांच्या घरातल्या, म्हणजे अक्का, हळदीकुंकू, खण आणि नारळ घेऊन दुकानालगतच्या घरातून बाहेर आल्या. त्यांनी मायेने तिला कुंकू लावलं आणि खण-नारळ ओढणीत घातला. तिने वाकून नमस्कार केला, खण-नारळ नीट पिशवीत ठेवला. मग येऊन आमच्या ओळीच्या शेवटी उभी राहिली.

"काय गं?" आप्पा म्हणाले.

"अक्कानं दिलं ते लेकीला दिलं. ते मी घरला नेते. आता कामाचं द्या."

आप्पांनी अक्कांकडे पाहिलं.

"तुला बी इडा पायजे?"

"व्हय. पण काउंटरचा न्हाई. वर्कशॉपचा देत असाल तर घेते. न्हाई तर महिन्याच्या महिन्याला येते, तुम्ही बी मोकळे, मी बी मोकळी."

आप्पांना राग येईल असं मला वाटलं. राग आला नाही, ते गोंधळले. असं कुणी कधी बोललंच नव्हतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "काय म्हंताव? तुमच्या हाताखाली चालंल?"

या खेपेला मी पंख्याकडे पाहिलं नाही. "मला चालतंय आप्पा. पण माझ्या शिव्या खायाची तयारी हाय का, इचारा."

"कोणच्या चुकीला कोणची शिवी, ते आधी सांगा," ती म्हणाली, "मग खाते."

आप्पा खो खो हसले. विडा पुढे करून म्हणाले, "घे. वर्कशॉपात हेल्पर."

हात पुढे आलाच नाही. "अन् पुढं?"

"अगं, आधी हे तर घे!"

"दिवाळीपतूर हेल्पर, दिवाळीला मेकॅनिक. काम जमलं तर. असं म्हणा."

आप्पांनी तसं सगळ्यांसमोर म्हटलं. तेव्हा कुठे तिने दोन्ही हातांनी विडा घेतला आणि डोक्याला लावला.

मी तिला शिकवलं. मनापासून शिकवलं, हातचं काही राखलं नाही. तिचा हात काही जादूचा नव्हता, चुका ती भरपूर करायची. एकदा बेअरिंग उलटं बसवलं आणि माझ्या शिव्या खाल्ल्या. पण चूक झाली की लपवायची नाही. "मामा, बिघडवले, या," अशी अख्ख्या वर्कशॉपला ऐकू जाईल अशी हाक मारायची. दिवाळीला आप्पांनी शब्द पाळला.

त्याच दिवाळीला मी तिला माझ्याकडची सगळ्यात मोठी गोष्ट देऊ केली. वर्कशॉपात कोपऱ्यात माझी खुर्ची आहे. तिथे बसून आवाजावरून मी सांगतो कुठल्या इंजिनात काय आहे. त्या खुर्चीसाठी माझी उमर गेली आणि ती गेली याचा मला आनंद आहे. मी म्हणालो, "आणखी थोडी वर्षं. माझ्यामागं ही खुर्ची तुझी. आप्पाला मी सांगतो."

तिचे डोळे भरून आले, ते मी पाहिलं. आणि तरीही तिने विचारलं, "अन् पुढं?"

"पुढं काय? पुढं भिंत हाय!"

मला लागलं. खोटं कशाला बोलू, फार लागलं. त्या दिवशी मी तिच्याशी बोललो नाही, जेवायला दुसरीकडे तोंड करून बसलो. संध्याकाळी हात धुताना ती शेजारी येऊन उभी राहिली. "मामा, खुर्ची लहान हाय असं न्हाई म्हणायले मी. तुम्हाला ती पायजे होती. मला अजून कळंना मला काय पायजे. कळल्याबिगर कशी हो म्हणू?"

यात उर्मटपणा कुठे होता ते मी बराच वेळ शोधलं. सापडला नाही.

संक्रांत झाल्यावर तिला कळलं. एका कंपनीत तिची निवड झाली. गावोगावच्या वर्कशॉपांत जाऊन तिथल्या मेकॅनिकांना नवी यंत्रं शिकवायची, असं काम. हे मला तिने सांगितलं नाही. दुकानाच्या अंगणात ती फोनवर हिंदीत बोलत होती ते कानावर आलं. कंपनीला ती लगेच हवी होती आणि ही पाडव्याआधी येत नाही म्हणून सांगत होती. पलीकडचा माणूस तेवढं थांबायला तयार नव्हता, हे तिच्या चेहऱ्यावरून दिसत होतं.

फोन ठेवल्यावर मी विचारलं, "न्हाई कामून म्हणायलीस?"

"इडा घेतलाय की मामा."

"आता कोण बघायलंय इडा अन् बिडा! पोरं न सांगता पळून जायल्यात. जा तू."

"मग त्या दिशी समद्यासमोर कशापायी मागून घेतला मी?"

आजकालची पोरं म्हणून मान हलवणाऱ्यांनी हे ऐकायला हवं होतं. ती आधी एवढं का विचारायची ते मला त्या अंगणात समजलं. शब्द पाळायचाच होता, म्हणून ती तो नीट पारखून घेत होती.

तिला तिथेच सोडून मी तडक आप्पांकडे गेलो. आप्पांनी तिला बोलावून घेतलं. "मी सोडलो तुला. जा, सुखानं जा."

"तुम्ही चांगले म्हणून सोडायलात," ती म्हणाली. "साल तर ऱ्हातंयच."

विडा द्यायची रीत सगळ्यांना ठाऊक, परत घ्यायची कुणालाच नाही. मग मला शेतातली एक गोष्ट आठवली. सालगडी आजारी पडला किंवा त्याला गाव सोडावं लागलं, तर तो बदली देतो. घरचं माणूस त्याच्या जागी उभं राहतं आणि उरलेलं साल पुरं करतं.

"आप्पा, बदली चालती की," मी म्हणालो.

"चालती. पण घरचं माणूस लागतंय. हिचा बाप तिकडं बांधलेला."

"मी हाय."

"तुम्ही? तुम्ही हिचे कोण?"

"मामा म्हणती की समद्यासमोर. आजपतूर कुणी हरकत घेतली न्हाई."

ती हमसून रडायला लागली. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच तिने काही विचारलं नाही. अक्कांनी तिला आत नेलं. आप्पा चष्मा पुसत म्हणाले, "हेड मेकॅनिक हेल्परासारखा ट्रॅक्टरखाली पडणार म्हणा की." मी म्हणालो, हेल्पर नाही, मेकॅनिकची बदली आहे, दिवाळीला तुम्हीच तसं जाहीर केलंय.

ती गेली. आता कुठे कुठे फिरते, फोन करते, कधी बंगळूरू, कधी नागपूर. पोरांना शिकवताना माझ्या दोन-चार शिव्या वापरते म्हणे, आधी सांगून.

त्या पाडव्यापर्यंत मी खुर्चीत बसलो नाही. तिच्या वाटणीचे ट्रॅक्टर उघडले, तिच्या वाटणीची फरशी धुतली. कंबर रोज बोलायची, पण हाताने एकदाही दगा दिला नाही. एक दिवस उसाच्या हंगामात एक जुनं गिऱ्हाईक आलं. मी क्लचखाली पाठीवर पडलेलो. त्याने वाकून पाहिलं आणि तो दचकला.

"मामा, तुम्ही? तुम्ही कामून आडवं पडलाव? ती पोरगी कुठं हाय?"

"ह्ये तिचं साल हाय," मी खालूनच म्हणालो. "घरचं माणूस म्हणून पुरं करायलोय. तो पाना दे हिकडं."

तो खाली बसला आणि त्याने पाना माझ्या हातात दिला.