जाळीची सूचना

वसई पूर्वेच्या एका कारखान्यात पत्रा कापायची मशीनं बनत. त्यांची मॅन्युअलं मी लिहायचे. मशीन बसवायचं कसं, चालवायचं कसं, बिघडलं तर काय करायचं, सगळं सोप्या इंग्रजीत. या कामाला टेक्निकल रायटिंग म्हणतात, हे मला नोकरी लागल्यावर कळलं. मी राहायचे तिथे, तुळिंजला, शेजारी विचारायचे, "म्हणजे टायपिस्ट ना?"

इंग्रजी येत होतं, बाकीचं शिकावं लागलं. पानं लावायचं सॉफ्टवेअर, मशीनची ड्रॉइंग वाचणं, आणि मुख्य म्हणजे फिटरांना तेच तेच प्रश्न विचारणं. ते वैतागायचे, पण मशीन उघडून दाखवायचे.

पात्यापुढे लोखंडी जाळी असे. काम उरकावं म्हणून गिऱ्हाईकं ती काढून ठेवत, हे फिटरांकडूनच कळलं. मी पहिल्याच पानावर लिहिलं: जाळी काढून मशीन चालवू नका, बोटं तुटतील. शेजारी चित्र काढलं. तेच हिंदी-मराठीतही लिहिलं, कारण मशीनवर उभा राहणारा इंग्रजी वाचणार नव्हता.

मालकांनी ते पान बाजूला काढलं. "मॅडम, गिऱ्हाईकाला मशीन विकायचंय की घाबरवायचंय?"

"साहेब, हे नसेल तर बाकीच्या पानांना काय अर्थ?"

"अर्थाचं आम्ही बघतो. तुम्ही इंग्रजी बघा."

मॅन्युअल त्या पानाशिवाय छापलं.

पुढच्याच वर्षी चंदनसारच्या एका शेडमध्ये आमच्या मशीनवर एका कामगाराची बोटं गेली. त्याचा भाऊ मॅन्युअल घेऊन ऑफिसात आला. "यात जाळीचं कुठे लिहिलंय, दाखवा."

मालक शांतपणे म्हणाले, "लिहायचं काम या मॅडमचं. राहून गेलं असेल."

"राहिलं नव्हतं," मी म्हणाले. "लिहिलं होतं. यांनीच ते पान काढलं."

फिटर दारातच उभे होते. त्यांना सगळं ठाऊक होतं. एकेक करून ते कामाला परतले.

भाऊ उठला. "तुमचं तुम्ही बघा. त्याला आता घास उचलता येत नाही."

महिनाअखेरीला मला काढून टाकलं. पुढे अंधेरीला बरी नोकरी मिळाली, हिशेबाच्या सॉफ्टवेअरची मॅन्युअलं लिहायची. तिथे मी काय लिहिते ते कुणी खोडत नाही, कारण कुणी वाचतच नाही.

बऱ्याच दिवसांनी त्यातल्या एका फिटरचा फोन आला. म्हणाला, "मॅडम, तुमची ती सूचना नव्या मॅन्युअलमध्ये घेतली बरं का."

"मराठीत?"

"नाही. इंग्रजीत. शेवटच्या पानावर."