अर्ध्या ताटावरून उठलेला पाहुणा

नवस बोलताना माणसाने जरा भूगोलही पाहावा, असं आज मी हसत म्हणते. तेव्हा मात्र जीव रडकुंडीला आला होता. आधीचं एक मूल पोटातच गेलं होतं. मी उदगीरची लेक, लातूरला दिलेली. लातूर नुकताच वेगळा जिल्हा झाला होता आणि आता कचेरीच्या कामाला उस्मानाबादचे हेलपाटे नकोत म्हणून सासरी सगळे खुशीत होते. त्याच सुमारास माझ्या डॉक्टर नवऱ्याला इंग्लंडमधल्या एका थंड गावात नोकरी लागली. निघण्याआधी मी माहेरी गेले आणि महादेवासमोर बोलून बसले, ‘पुन्हा दिवस गेले तर बाळंत होईपर्यंत दर सोमवारी दारी आलेल्याला वाढल्याशिवाय अन्नाला शिवणार नाही.’

उदगीरात यात अवघड काहीच नव्हतं. आम्ही शिवभक्त. सोमवारी सकाळी भिक्षा मागत फिरणारे आमचे जंगम स्वामी घंटा वाजवत गल्लीत शिरायचे आणि त्यांना वाढूनच घरचे जेवायला बसायचे. अव्वा, म्हणजे माझी आई, याबाबतीत फार कडक. बहात्तरच्या दुष्काळात परदेशातून आलेली तांबडी मिलो ज्वारी घरोघर शिजायची. तिची भाकरी आम्हा पोरांच्या घशाखाली उतरत नसे, पण तव्यावरची पहिली भाकरी दाराकडेच जायची. दार आहे म्हटल्यावर त्यावर कोणीतरी येणारच, अशी माझी समजूत तिथेच झाली. नवस बोलताना मी उदगीरात बसून उदगीरचाच विचार केला.

इंग्लंडात गेल्यावर वर्षाच्या आत दिवस गेले आणि नवसाची आठवण झाली. त्या गावात न बोलावता कोणी कोणाच्या दारात जात नाही. आमच्या दारावर कुत्रंसुद्धा फिरकत नसे. सोमवारी आंघोळ करून, गळ्यातलं इष्टलिंग तळहातावर घेऊन पूजा करायची, पोळी, वरण, भात रांधायचा, ताट वाढून झाकून ठेवायचं आणि खिडकीशी उभं राहायचं. बाहेर ओला रस्ता आणि बंद दारं. मला उदगीरचा फुफाटासुद्धा आठवायचा. अव्वा आत्ता काय करत असेल, या एका विचारात भूकही विसरायची. संध्याकाळी नवरा यायचा आणि माझं वाळलेलं तोंड बघून चिडायचा. एकदा तर तो बाहेर गेला, दार वाजवलं आणि ‘माई, भिक्षा वाढा’ म्हणाला. मला हसू फुटलं आणि मग रडू आवरेना. घरचा माणूस कसा अतिथी होणार? शेवटी त्याच्या धाकाने चार घास खायची आणि ते घास अंगी लागायचे नाहीत. मनात एकच भीती. नवस पुरा झाला नाही तर हेही मूल जाईल.

अशाच एका सोमवारी दुपारी घंटा ऐकू आली. हातात धरून वाजवतात ती, आमच्या स्वामींच्या घंटेसारखी. मी झाकलेलं ताट उचललं आणि पायात काही न घालता दार उघडून धावले. दारासमोर घोड्याच्या गाडीत मोडकी पातेली नि लोखंडाच्या नळ्या घेऊन एक म्हातारा उभा होता. तो तिथला घंटा वाजवत फिरणारा भंगारवाला. त्याने माझ्या हातातलं स्टीलचं ताट घेतलं, तोलून पाहिलं आणि खिशात पैशासाठी हात घातला! मी झाकण काढलं, तोंडाकडे हात नेऊन ‘खा’ म्हणून खुणावलं.  मग त्याने टोपी काढली, तो आमच्या पायरीवर बसला आणि पोळीचा तुकडा तोडून वरणात बुडवला. माझ्या डोळ्यांना धार लागली.

तो जेवत असतानाच कमरेतून कळ आली आणि मी दाराला धरून खाली बसले. लुगड्यावर रक्त दिसलं. म्हाताऱ्याने ताट खाली ठेवलं आणि शेजारच्या घराकडे पळाला. आमच्याकडे अजून फोन लागला नव्हता, शेजारणीकडे होता. नंतर शेजारीण सांगायची की, मी त्या अवस्थेतही त्याला हाताने परत बोलावत होते, ताटाकडे बोट दाखवत होते. खरं आहे. आमच्यात अतिथी अर्ध्या ताटावरून उठणं फार वाईट. इतक्या दिवसांनी एक आला आणि तोही उपाशी उठला, हेच माझ्या डोक्यात होतं.

वेळेत आणलंत म्हणून मूल राहिलं, असं इस्पितळात म्हणाले. एरवी त्या वेळी मी वरच्या खोलीत एकटी पडून असायची, कोणाला कळलंही नसतं. तरी माझं मन थाऱ्यावर येईना. घरी आल्यावर शेजारणीच्या फोनवरून नवऱ्याने माहेरच्या, उदगीरच्या आडत दुकानात फोन लावून अव्वाला बोलावून घेतलं. अव्वाचा आवाज खोल विहिरीतून आल्यासारखा येत होता. मी रडत रडत सगळं सांगितलं.

‘जेवला का त्यो पोटभर?’ तिने विचारलं.

‘न्हाई अव्वा. अर्ध्यातूनच उठला. नवस मोडला माझा.’

 ती म्हणाली, ‘अगं येडे, त्यो जेवाया आलाच नव्हता की.’

 फोन ठेवून मी घरी आले आणि बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवले. दिवस भरून मुलगी झाली. तो म्हातारा पुढेही गाडी घेऊन यायचा, वरण कमी तिखट कर म्हणून खुणेने सांगायचा. तो कोण होता हे मी कोणाला पटवत बसत नाही. भंगारवाला होता, एवढं मला पुरतं. आता मी नवस बोलत नाही. सोमवारी एक ताट जास्तीचं वाढते, उदगीरच्या आठवणीने थोडी रडते आणि हात जोडते. देवा, तुला यायचं तेव्हा ये, जेवायचं तर जेव, नाहीतर तुझं जे काम असेल ते करून जा.